पिशवी आईच्या हातात द्या

सातारा जिल्ह्यातल्या ४३ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची आई ६८ वर्षांची, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. वडील हयात नाहीत. वर्षभर आईच्या शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून ती गावातलंच औषध घेत राहिली. तपासणी झाली तेव्हा गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन झालं आणि सात आठवड्यांपूर्वी मोठं ऑपरेशन. गुदाशय आणि गुदद्वार काढून ती जागा टाके घालून बंद केली आहे. पोटावर डाव्या बाजूला स्टोमा आहे, म्हणजे आतड्याचं टोक बाहेर काढून केलेलं मळाचं तोंड, आणि त्यावर पिशवी.

पिशवी रिकामी करणं, बदलणं, सगळं त्यांची पत्नी करते. मुलाला आई जवळ येऊ देत नाही. "तू पुरुषमाणूस, तू बाहेर थांब," म्हणते. पत्नी पतसंस्थेत नोकरीला आहे आणि तिची रजा या महिन्याअखेर संपते. मुंबईची बहीण म्हणते, चोवीस तासांची बाई ठेवा, पैसे मी देते. आईचं असलं काम परक्या बाईनं करावं हे मुलाला पटत नाही. ते शाळेत शिक्षक आहेत आणि वर्षभराची बिनपगारी रजा काढायचा विचार करत आहेत. आई देवघरात जात नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, जेमतेम अर्धी भाकरी खाते. दिवसातून दोनदा संडासात जाऊन बसते आणि अर्ध्या तासानं डोळे पुसत बाहेर येते. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय का, अशी त्यांना भीती वाटते. दोन आठवड्यांनी केमो सुरू होणार आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "पिशवी कायमची आहे हे आईला सांगितलेलं नाही. तीन महिन्यांनी काढतील असं सांगूनच तिला ऑपरेशनला तयार केलं होतं." त्यांचा प्रश्न आहे, रजा काढू की बाई ठेवू?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी पुन्हा त्या शेवटच्या ओळीपाशी आले. नोकरीच्या आणि बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. पण आधी त्या ओळीबद्दल बोलू या, कारण बाकीचं सगळं तिथंच अडकलं आहे असं मला वाटतं.

आई पिशवीकडे बघत नाही, तिला हात लावत नाही, काही शिकून घेत नाही. क्षणभर तिच्या जागी बसून बघा. जी गोष्ट तीन महिन्यांनी जाणारच आहे ती कोण कशाला शिकेल? ती दिवस मोजते आहे. सात आठवडे झाले, पाच राहिले. तेवढे कसेबसे काढायचे, कमी खायचं म्हणजे पिशवी कमी भरेल, सुनेला आणखी थोडे दिवस त्रास द्यायचा आणि मग मोकळं व्हायचं. हा हिशेब तुम्हीच तिला घालून दिला आहे. वाईट हेतूनं नाही, हे मला कळतं. ऑपरेशन टळू नये म्हणून त्या वेळी जे सुचलं ते तुम्ही बोललात. आपल्याकडे कितीतरी घरांमध्ये मुलं असंच बोलतात, आणि संमतीच्या कागदावर सहीही मुलगाच करतो. पण त्या वेळी ज्या शब्दांनी काम भागलं तेच शब्द आता तिला अडवून बसले आहेत.

आणि तिला खरंच काही माहीत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला त्याची खात्री वाटत नाही. तिथं टाके घातलेले आहेत हे बसताना तिला दर वेळी कळतं. पस्तीसएक वर्षं गावातल्या बाळंतिणींची आणि मुलांची दुखणी-खुपणी पाहिलेली बाई आहे ती. वाटच बंद केली असेल तर पिशवी निघून पुढं काय होणार, हा प्रश्न तिला पडला नसेल का? मला वाटतं, तो पडला आहे आणि तो ती तुम्हाला विचारत नाही. तुम्ही तिला जपताय, ती तुम्हाला जपते आहे, आणि त्यात रोज सकाळी पिशवी बदलायला उभी राहते ती तुमची पत्नी.

संडासात जाऊन बसण्याबद्दल आधी सांगते, म्हणजे तुमची एक भीती तरी जाईल. तिच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही. गुदाशय काढल्यावरही शौचाला लागल्याची भावना येत राहते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात, तसंच हे आहे. शिरांना जुनी सवय असते. पुष्कळ पेशंटना हे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. तिला हे कोणी सांगितलंय का? नसेल, तर ती तिथं अर्धा तास कशाची वाट बघत बसते ते आपण समजू शकतो. तिला वाटत असेल, जुनी वाट सुरू होते आहे. आणि काहीच होत नाही तेव्हा ती रडत बाहेर येते.

म्हणून पहिलं काम हे, की तिला खरं सांगायचं. केमो सुरू व्हायच्या आधी सांगायचं आणि तुम्हीच सांगायचं. डॉक्टरांच्या टेबलासमोर तिला पहिल्यांदा कळू देऊ नका. बायको आणि बहिणीला मदतीला घेऊ नका, कारण खोटं तुम्ही बोलला होतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, घरात फार माणसं नसताना, तिच्याजवळ बसा आणि थोडक्यात बोला. "आई, ऑपरेशनच्या आधी मी तुला खोटं सांगितलं. ही पिशवी निघणार नाही. गाठ इतकी खाली होती की वाट बंद करावीच लागली. तू ऑपरेशनला नाही म्हणशील या भीतीनं मी बोललो. माझं चुकलं." बस्स, इथं थांबा. लगेच धीर द्यायला जाऊ नका, "पण बघ, तू वाचलीस ना" हे त्या संध्याकाळी म्हणू नका. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, कदाचित म्हणेल की मला माहीतच होतं. जे होईल ते होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा घेऊन जा.

पुढच्या तपासणीला मात्र तिला स्वतः डॉक्टरांशी बोलू द्या. तिच्या आवडीची एक वही घ्या आणि तिचे प्रश्न तिच्या हातानं लिहू द्या. आपण काय करतो, आई बाहेर बाकड्यावर आणि मुलगा आत. ते बंद करा. केमोमध्ये तर याची फार गरज आहे. तोंड आलंय, हातापायांना मुंग्या येतात, जुलाब होतायत, हे तिनं वेळेवर सांगायला हवं, आणि आपल्याला सगळं खरं सांगितलं जातं असा विश्वास असेल तरच माणूस स्वतःबद्दल खरं सांगतो.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी मध्येच एक गोष्ट सांगते. प्रत्येक पिशवी कायमची नसते. डिस्चार्ज कार्डावर एपीआर लिहिलं असेल तर गुदद्वार काढून बंद केलेलं असतं आणि स्टोमा कायमचा असतो. एलएआर लिहिलं असेल तर आतडं पुन्हा जोडलेलं असतं, आणि तो जोड भरून येईपर्यंत बहुधा उजव्या बाजूला तात्पुरती पिशवी ठेवतात. ती काही महिन्यांनी खरोखर काढतात, पुष्कळदा केमो संपल्यावर. आपल्या माणसाचं यातलं काय झालंय ते कार्ड दाखवून डॉक्टरांना विचारा. "बघू पुढं" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

आता नोकरी आणि बाईचं. हे दोन पर्याय तुम्हाला एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. मला ते एकच वाटतात. दोन्हींत असं गृहीत धरलंय की आई स्वतः हे कधीच करणार नाही, तेव्हा ते कोणीतरी जन्मभर करायचं, फक्त कोणी ते ठरवायचं. हे गृहीत मला मान्य नाही. तुमच्या आईला चालता येतं, दिसतं, हात चालतात, लिहिता-वाचता येतं. अशा माणसाला आपली पिशवी आपण सांभाळता येते. लाखो माणसं सांभाळतात, नोकऱ्या करतात, लग्नाकार्यांना जातात.

माझ्या सासूबाईंचं २००८ साली हेच ऑपरेशन झालं. त्या तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या. घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका सिस्टरनं दहा मिनिटांत मला पिशवी बदलायला शिकवलं. सासूबाई तिथंच व्हीलचेअरवर होत्या, खिडकीकडे तोंड करून. त्यांना कोणी काही दाखवलं नाही, आणि त्यांना दाखवा असं मीही म्हटलं नाही. पुढं दोन महिने मीच करत राहिले. त्या डोळ्यांवर पदर घेऊन पडून राहायच्या.

एके दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेला बसून चकती, म्हणजे पिशवीचा पोटाला चिकटणारा भाग, कापत होते. स्टोमाच्या मापाचं भोक चकतीत कापावं लागतं, तुमच्या पत्नीला ते माहीत असेल. कार्डावरच्या गोलात माप घेतलं, पेननं आखलं आणि कात्री चालवली. कड वेडीवाकडी झाली. सासूबाईंनी चाळीस वर्षं आळीतल्या बायकांची पोलकी शिवली होती. पदराआडून त्या बघत होत्या हे मला कळलंच नाही. "दे इकडं ती कात्री," एकदम म्हणाल्या. "पोलक्याचा गळा असा कापतात होय?" त्या उठून बसल्या. कात्री एका जागी धरून त्यांनी चकती फिरवली, मी उलटं करत होते. मग कडेवरून बोट फिरवून कुठं खरखरतंय का ते पाहिलं. आणि कापलेला गळा नीट बसतो का ते बघायला त्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वतःच्या पोटाकडे मान खाली घातली.

त्यानंतर चकती कापायचं काम त्यांचं झालं. मग पुसायचं. मग कपाटाच्या आरशासमोर उभं राहून चिकटवायचं. तीन आठवड्यांत मी त्या खोलीच्या बाहेर होते, आणि मला आत बोलावलं जायचं ते फक्त पाठीमागची गाठ बांधायला. पुढं नऊ वर्षं त्यांनी ती पिशवी सांभाळली.

तुमच्या आईचा हात कशात बसलेला आहे? तुम्ही लिहिलंय, ती अंगणवाडीत होती. म्हणजे तिला वजनं घेता येतात, नोंदी ठेवता येतात, आयांना समजावून सांगता येतं. मग तिला सरळ नोंदवही द्या. पिशवी कधी बदलली, किती दिवस टिकली, कडेनं गळाली का, कातडी लाल झाली का, काय खाल्ल्यावर वायू झाला, आज वजन किती. या नोंदी खरोखरच लागतात. स्टोमा नर्स आणि केमोचे डॉक्टर हेच विचारणार आहेत. आणि ज्या पोटाची नोंद करायची त्या पोटाकडे बघावं लागतं.

शिकवायचं एकेक पायरीनं. आधी पिशवी रिकामी करणं, कारण ते सगळ्यांत सोपं आणि दिवसातून कितीदातरी लागणारं. तिसरा भाग भरली की रिकामी करायची, फुगून जड होईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर वजनानं चकती सुटते. खालचं तोंड उघडायचं, संडासात बसून किंवा भांड्यात सोडायचं, टिश्यूनं तोंड पुसून क्लिप लावायची. हे जमलं की तिची अर्धी लाज जाईल, कारण दिवसभर सुनेला हाक मारावी लागणार नाही. बदलण्याची पाळी साधारण तीन ते पाच दिवसांनी येते. ते सकाळी चहा-नाश्त्याच्या आधी करावं, त्या वेळी स्टोमा शांत असतो. जुनी चकती ओढून काढायची नाही, एका हातानं कातडी दाबत वरून खाली सोडवायची. साध्या पाण्यानं पुसायचं. डेटॉल, स्पिरिट, तेल, पावडर काही नको, कातडी पूर्ण कोरडी हवी. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. जास्त मोठं कापलं तर मधल्या उघड्या कातडीवर मळ लागतो आणि ती सोलवटते. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून हॉस्पिटलनं दिलेलं माप आता चालणार नाही, पुन्हा मोजा. तुमच्याकडे पिशवी वरचेवर गळत असेल तर कारण बहुधा हेच असेल. चिकटवल्यावर तळहात ठेवून दोन मिनिटं धरायचं, हाताच्या उबेनं ती घट्ट बसते.

तिला एक गोष्ट आवर्जून सांगा. स्टोमाला हात लावला तरी दुखत नाही, त्याला दुखण्याची जाणीवच नसते. तो लालबुंद आणि ओला दिसतो म्हणून जखमेसारखा वाटतो, पण तो लाल असणं हेच चांगलं. पुसताना रक्ताचा ठिपका आला तर घाबरायचं नाही. माझ्या सासूबाई दोन महिने हात लावत नव्हत्या त्यामागं किळस होती असं मी समजत होते. नंतर त्यांनी सांगितलं, दुखेल म्हणून भीती वाटत होती.

शिकवायला घरचं माणूस नको, शक्यतो स्टोमा नर्स हवी. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये त्या असतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तर स्वतंत्र स्टोमा क्लिनिकच आहे. तुमच्या हॉस्पिटलमध्ये कोण आहे ते विचारा आणि आईला समोर बसवून तिच्या हातानं एकदा सगळं करून घ्या. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथली बरीच माणसं स्वतः पिशवी घेऊन जगणारी आहेत. अशा एखाद्या बाईशी आईचं फोनवर बोलणं करून दिलंत तर माझ्या सगळ्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. लुगडं कुठं बांधायचं, प्रवासाला जाताना काय करायचं, हे एक बाईच दुसऱ्या बाईला सांगू शकते.

देवघराचं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला फार वाईट वाटलं. पिशवी नीट बसलेली असेल तर वास येत नाही हे खरं आहे. वास येत असेल तर ती कुठंतरी गळतेय असं समजायचं. पण हे सांगून तिच्या मनातलं सोवळं-ओवळं जाणार नाही, आणि "देवाला असलं काही चालतं गं" असं म्हणून तिला ओढत नेऊही नका. देवाधर्मात वाद घालून कोणी कोणाला जिंकत नाही. माझ्या सासूबाईंनी स्वतःच वाट काढली. आधी खोलीत बसून वाती वळायला लागल्या, कारण वाती वळायला देवासमोर जावं लागत नाही. मग सकाळी पिशवी रिकामी करून, आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसल्यावर एक तासभर त्यांनी स्वतःला मोकळं मानलं, आणि त्या तासात पूजा केली. कोणी त्यांना हा नियम दिला नव्हता. तुमची आई तिचा नियम करेल. तुम्ही एवढंच विचारा, "आई, कापूस आणू का?" आणि आंघोळ पिशवीसकट किंवा पिशवी काढूनही करता येते, पाणी आत जात नाही, हे तिला माहीत असू द्या.

जेवणाचं मात्र थांबून चालणार नाही. दोन आठवड्यांवर केमो आली आहे आणि अंगात ताकद नसेल तर केमो पुढं ढकलावी लागते. कमी खाल्लं तरी आतडं काम करतच राहतं, उपाशी पोटी वायू उलट जास्त होतो, हे तिला सांगा. सध्या थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, दही, केळं, चालत असेल तर अंडं. खालची जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आधी रेडिएशन झालेलं असल्यानं ती भरायला महिने लागू शकतात. कोबी, वाटाणा, राजमा यांनी वायू होतो. पण यादी करून सगळंच बंद करू नका. एकेक पदार्थ थोडा देऊन बघायचा आणि वहीत लिहायचं. काही महिन्यांनी ती तुमच्याबरोबर पिठलं-भाकरी खात असेल. बसायला सपाट, मऊ गादी द्या. मध्ये भोक असलेली रबरी उशी नको, तिनं टाक्यांवर ताण येतो. आणि भरलेली कळशी, बादली काही महिने उचलू देऊ नका, स्टोमाशेजारी हर्निया होतो.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचं नाव पत्रात एकदाही आलेलं नाही, "ती काही म्हणत नाही" हे मात्र तीनदा आलं आहे. मी त्या जागी होते, म्हणून सांगते. काही न म्हणणं म्हणजे त्रास नसणं असं नाही. सासूच्या अंगाचं इतकं जवळचं काम करताना दोघीही अवघडलेल्या असतात आणि दोघींनाही ते बोलता येत नाही. माझ्या तोंडाला चव नसायची, हाताला वास येतोय असं दिवसभर वाटायचं, आणि हे नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या आईबद्दल तक्रार केल्यासारखं होईल म्हणून मी गप्प होते. आज रात्री त्यांना विचारा, आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका.

आई तुम्हाला जवळ येऊ देत नाही, तो तिचा हक्क आहे. तो मोडू नका. पण तेवढ्यानं तुम्ही मोकळे होत नाही. अंग उघडं न करता करायची कितीतरी कामं आहेत. जुनी पिशवी रिकामी करून, कागदात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कचऱ्यात टाकणं, पिशव्यांचा साठा बघणं, आईचे कपडे-चादरी धुणं, सकाळचा स्वयंपाक, हॉस्पिटलच्या खेपा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घेणं. हे सगळं उद्यापासून तुमचं. आणि पिशवी बदलायला तुम्हीही शिका, स्वतःच्या पोटावर चकती चिकटवून शिका. एखाद्या रात्री आईला ताप असेल आणि घरात तुम्ही दोघंच असाल, तेव्हा ती तुम्हाला बाहेर थांब म्हणणार नाही.

तर मग रजा आणि बाई. वर्षभराची रजा काढू नका. तुम्ही दिवसभर घरी तिच्यासाठी बसलात तर ती दिवसभर पेशंट राहील. शिल्लक रजा केमोच्या दिवसांसाठी आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांसाठी राखा, तेव्हा खरी गरज लागेल. बाई ठेवा, बहिणीचे पैसे घ्या. पण ती बाई भांडी, धुणं आणि पोळ्यांसाठी ठेवा, आईच्या पिशवीसाठी नको. आणि बहिणीला सांगा, पैशांबरोबर तूही दहा दिवस ये. आई शिकत असेल त्या दिवसांत लेक जवळ असली तर सुनेसमोर जो संकोच आहे तो लेकीसमोर कमी होईल.

डॉक्टरांना लगेच फोन करायचा ते कधी, हे एका कागदावर लिहून फ्रीजला लावा. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला तर. पिशवीत दिवसभर काहीच आलं नाही आणि पोट फुगून उलट्या होत असतील तर. स्टोमाच्या आतून रक्त वाहत असेल तर. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर, कारण अशा ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी. केमोत ऑक्झालीप्लॅटिन हे औषध असेल तर गार पाणी, फ्रीजमधली भांडी यांनी बोटांना, घशाला मुंग्या येतात, तिला कोमटच द्या. पिशवीत पातळ जास्त यायला लागलं तर मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. हे तुम्ही तिला सांगू नका. तिनं गावातल्या आयांना हे शिकवलं असणार. तिलाच विचारा, कसं करायचं गं, आणि तिला करू द्या.

वर्षभर मूळव्याध समजत राहिलो याचा तुम्हाला पस्तावा आहे. त्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण तो कोणाच्या बोलण्यानं जात नाही. पण त्यातून एक काम निघतं. आईला किंवा वडिलांना आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर मुलांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी असा वैद्यकीय सल्ला आहे. तुम्ही ४३ वर्षांचे आहात. तुमच्या बहिणीलाही हे लागू आहे. आईची केमो मार्गी लागली की दोघांनी तारीख घ्या. आणि हे वाचणाऱ्या कोणालाही चाळिशीनंतर शौचातून रक्त जात असेल, तर डॉक्टरांनी बोटानं आतून तपासल्याशिवाय ती मूळव्याध आहे असं समजून घरी जाऊ नका. तेवढ्या तपासणीतही खालची गाठ पुष्कळदा सापडते.

या आठवड्यात एवढंच करा. आईला खरं सांगा. दोन दिवस जाऊ द्या. मग वही, पेन आणि मापाचं कार्ड तिच्या उशाशी ठेवा. पिशव्यांचा नवा बॉक्स आणायची वेळ आली की दुकानदाराचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या आणि माप तिलाच सांगू द्या.